सत्तर अँपियर

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला वेदिका एका पायात सँडल आणि दुसऱ्या पायात घरातली स्लिपर अशी कॉम्प्युटरपुढे उभी होती.

"सोळा मिनिटं!" ती म्हणाली. "कालपर्यंत एका चित्राला अकरा घेत होता, आज सोळा! बाबा, बघा ना."

तिचे सासरे विद्याधरराव सबनीस बघायला आले. बघण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावर एका इमारतीची काचेची लॉबी तुकड्यातुकड्याने उमटत होती. व्हाइटफील्डला अजून पायासुद्धा न खणलेल्या इमारतीत आपण फेरफटका मारतो आहोत असं वाटायला लावणारी फिल्म वेदिका करत होती. अशी शेकडो चित्रं एकापुढे एक लावली की फिल्म होते. त्यातली एकशे वीस उरली होती आणि शनिवारी अकरा वाजता ती बिल्डरला दाखवायची होती. फर्मची नोकरी सोडून स्वतःच्या नावावर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम.

"काचेचा भाग सुरू झालाय. प्रतिबिंबं मोजताना दमतो तो," वेदिका म्हणाली. "अकराने गेला असता तर उद्या सकाळी आठला झालं असतं. सोळाने म्हणजे संध्याकाळ. गेलंच म्हणायचं. आणि मला आज साइटवर जायलाच हवंय."

"मी लक्ष ठेवतो."

"लक्षच ठेवा हं, बाबा. बंद पडला तर फोन करा. बाकी कशाला हात लावू नका."

हे ती फार मायेने म्हणाली. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं विद्याधररावांशी घरातले सगळे असंच मायेने बोलत, आणि त्या मायेने त्यांना दरवेळी जरा जास्तच म्हातारं झाल्यासारखं वाटे. राजाजीनगरच्या या घरात पूर्वी काहीही बिघडलं तरी ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे. आता वस्तूंना स्क्रूच नसत. मिक्सर बिघडला की बदलून मिळे, पंखा मोबाइलवर चाले आणि गीझर स्वतःच आपली तक्रार कंपनीला कळवी. गेल्या दिवाळीत त्यांनी आपली हत्यारांची पेटी उघडली, पुसली आणि पुन्हा बंद केली होती.

वेदिका मेट्रोला गेली. मुलगा ईशान सकाळीच ऑफिसच्या कॅबने गेलेला. सुलभाताई स्वयंपाकघरात पडवळ चिरत होत्या. विद्याधरराव खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले आणि लक्ष ठेवू लागले.

दोन चित्रं होईतो त्यांनी नुसतं लक्ष ठेवलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खिडकी उघडी होती, तिच्यावर त्यांची नजर गेली. ईशानने केव्हातरी बसवलेलं ते काहीतरी होतं. त्यात आकडे हलत होते आणि एक ओळ लालभडक पेटली होती. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. करंट लिमिट. शेजारी आकडा होता, सत्तर अँपियर.

विद्याधरराव खुर्चीतून पुढे सरकले.

सरकारी कारखान्याच्या प्रोटेक्शन विभागात त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. प्रत्येक मोटरने किती अँपियर घ्यायचे हे ते ठरवत. मोटर त्याहून जास्त मागू लागली की त्यांनी बसवलेला रिले तिला बंद पाडे. उत्पादन वाढवायच्या नादात शॉप फ्लोअरवरची माणसं गुपचूप त्या रिलेची खुंटी पुढे सरकवत आणि विद्याधरराव त्यांना पकडत. सात जणांना त्यांनी त्याबद्दल मेमो दिले होते. 'लिमिट वाढवायची नसते, आधी मागे काय आहे ते बघायचं असतं,' असं त्यांचं एक वाक्य होतं. ते ऐकलं की लोक चहाला उठत.

इथेही तोच प्रकार दिसत होता. प्रोसेसर बिचारा काम करायला तयार होता, पण सत्तर अँपियरच्या वर मागायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून तो आपणहून हळू होत होता. लाल ओळीखाली एक पट्टी होती. ती उजवीकडे सरकवली की आकडा वाढे. शेवटी लिहिलं होतं, दोनशे पंचावन्न.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी हाक मारली. "याला करंट कमी पडतोय."

"मग ईशानला फोन करा," सुलभाताई आतून म्हणाल्या.

"त्यात ईशानला काय विचारायचं? करंट आहे हा."

"वेदिका हात लावू नका म्हणाली होती."

"हात कुठे लावतोय? पट्टी सरकवतोय."

पहिल्यांदा त्यांनी नव्वदच केले, कारण ते बेजबाबदार गृहस्थ नव्हते. चित्र तेरा मिनिटांत झालं. त्यांनी एक कागद घेतला, रेघा मारल्या आणि अँपियर, मिनिटं, शेरा असा तक्ता आखला. एकशे दहाला अकरा मिनिटं लागली. एकशे चाळीसला नऊ. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'समाधानकारक' असं लिहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली.

तेवढ्यात टेबलाखालचा यूपीएस रडायला लागला.

वीज गेली तर कॉम्प्युटर पाच मिनिटं तगावा म्हणून ठेवलेला तो लहानसा डबा होता. त्याच्याने हे ओझं पेलवेना. त्याने एक लांबलचक पीं काढली आणि ती थांबेचना.

"ते काय ओरडतंय?" सुलभाताई सुरीसकट बाहेर आल्या.

"यूपीएस लहान पडतोय."

"म्हणजे पट्टी जास्त सरकली."

"पट्टी बरोबर आहे. यूपीएस लहान आहे."

मेमो खाल्लेल्या सातही जणांनी अगदी हेच सांगितलं होतं, साहेब, सेटिंग बरोबर आहे, रिलेच नाजूक आहे. विद्याधररावांना ते त्या क्षणी आठवलं नाही. त्यांनी कॉम्प्युटर रीतसर बंद केला, गुडघ्यांना हात टेकत टेबलाखाली शिरले, यूपीएसमधून प्लग उपसला आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसवला. रडणं थांबलं. कॉम्प्युटर चालू केला. झालेली चित्रं शाबूत होती. वेदिकाने दाखवून ठेवलेलं बटण दाबलं, लॉबी पुन्हा उमटू लागली. आता मध्ये यूपीएसची कटकटच नव्हती. त्यांनी पट्टी धरली आणि थेट शेवटाला नेली. दोनशे पंचावन्न.

सात मिनिटं! लागोपाठ चार चित्रं सात-सात मिनिटांत!

"सुलभा, ये इकडे. बघ."

सुलभाताईंनी पाहिलं. त्यांना काच दिसली. "छान आहे," त्या म्हणाल्या. "वास कसला येतोय?"

विद्याधरराव पाचव्या चित्रावर होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं ओघळून गेलं. जळू लागलेल्या वार्निशचा वास तेहतीस वर्षांत त्यांच्या नाकाला चुकला नव्हता. ते वाकले, हात स्विचकडे गेला आणि फट्ट झालं.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. फ्रिज थांबला. घरात इतकी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

मीटरच्या पेटीपाशी जाऊन त्यांनी पडलेला खटका वर केला. पंखा, फ्रिज सुरू झाले. कॉम्प्युटर झाला नाही. त्यांनी तीनदा बटण दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं की आपण हे आता नुसतं दाबायचं म्हणून दाबतोय.

मग त्यांनी ईशानला फोन लावला.

"ईशान, आपल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे रे?"

"चारशे. का?"

"सहज."

"फार जुना आहे तो, बाबा. बदलायचाय मला. म्हणून तर मी प्रोसेसरचा करंट सत्तरला बांधून ठेवलाय. नाहीतर एक दिवस जळेल तो. का हो, काय झालं?"

"काही नाही. डबा खाल्लास का?"

"बाबा, पावणेबारा वाजलेत."

"बरं, बरं. वेळेवर खा."

फोन ठेवून ते पलंगावर बसले. म्हणजे लिमिट कुणीतरी मुद्दाम, विचार करून, मागे काय आहे ते बघून ठेवलेली होती. घरात एका माणसाने नेमकं तेच केलं होतं जे त्यांनी आयुष्यभर शिकवलं, आणि दुसऱ्याने गुपचूप खुंटी सरकवली होती. आठवा मेमो कुणाला द्यायचा हे अगदी उघड होतं.

"उठा," सुलभाताई म्हणाल्या. त्यांनी गॅस बंद करून चप्पल घातलीही होती. "चिकपेटच्या बाजारात घेऊन जाऊ. पोर यायच्या आत दुरुस्त तरी होऊ दे."

रिक्षात कॉम्प्युटरचं कॅबिनेट विद्याधररावांच्या मांडीवर बसलं. त्यावरून त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती.

"एन सार, मायक्रोवेव्हा?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"कॉम्प्युटर. मेल्लगे होगप्पा," विद्याधरराव म्हणाले.

जरा हळू जा म्हटल्यावर रिक्षावाल्याने जरा वेगात खड्डा घेतला. कॅबिनेटच्या आत काहीतरी खडखडलं. विद्याधररावांनी ते छातीशी आणखी घट्ट धरलं. इतक्यात खिशातला फोन वाजला. हात मोकळे नव्हते, सुलभाताईंनी फोन काढून त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, चाललंय ना?" वेदिका विचारत होती.

विद्याधररावांनी बाहेर मागे पळणारी दुकानं पाहिली. "चाललंय," ते म्हणाले.

"किती झाली चित्रं?"

"झाली. बरीच."

"आवाज कसला येतोय एवढा?"

"खिडकी उघडी आहे."

सुलभाताईंनी फोन बंद केला, पदराने पुसला आणि पर्समध्ये टाकला. बोलल्या काही नाहीत. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं न बोलणं विद्याधररावांना सगळ्यात स्पष्ट ऐकू येई.

चिकपेटच्या तोंडाशी रिक्षा अडली ती अडलीच. पुढे पायी जावं लागलं. साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं, लग्नाच्या खरेदीला आलेली कुटुंबं आणि त्यांच्या मधून कॅबिनेट पोटाशी धरून विद्याधरराव. मागे लोंबणारी वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिचं टोक धरून सुलभाताई. समोरून येणाऱ्या एका बाईने दोघांना पाहून वाट दिली आणि जाताना हळूच हात जोडले. तिला काय वाटलं कोण जाणे.

मागच्या गल्लीत गुरुराजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गुरुराज बेळगावचा, पन्नाशीचा, आणि नाकावर दोन चष्मे एकावर एक चढवून बसलेला. त्याने कॅबिनेट उघडलं, वाकून वास घेतला आणि मान हलवली.

"सप्लाय पुरता गेलाय बघा, सर. बोर्ड वाचलाय, तुमचं नशीब." मग त्याने एक जुना सप्लाय लावून कॉम्प्युटर चालू केला, आकड्यांची खिडकी उघडली आणि वरचा चष्मा काढला. "अय्यो! दोनशे पंचावन्न? हे कुणी केलंय ओ?"

विद्याधररावांनी तोंड उघडलं. खरं बोलायची त्यांची पूर्ण तयारी होती.

"मुलाने," ते म्हणाले. "आयटीत आहे."

"तरीच," गुरुराज म्हणाला. "ह्या आयटीतल्या पोरांना अँपियर म्हंजे काय ते ठाऊक नसतंय. नुसती पट्टी ओढत बसायचं. तुम्ही काय करत होता, सर?"

"सरकारी कारखान्यात होतो. प्रोटेक्शनला."

"मग! तुमच्यासारख्या माणसानं घरात असून जरा लक्ष ठेवायचं की."

सुलभाताई बाहेर साड्यांच्या दुकानाकडे बघत उभ्या राहिल्या. विद्याधररावांनी खाली मान घातली आणि "हो" म्हणाले. आपल्याच विभागातला एखादा जुना साहेब अंगावर खेकसावा तसं त्यांना वाटत होतं, आणि साहेबाचं सगळं खरं होतं.

"नवा साडेसहाशेचा सप्लाय सोमवारी येईल," गुरुराज म्हणाला. "तोवर हा माझा जुना घेऊन जा. तीनशेचाच आहे, तेव्हा लिमिट पन्नासच्या वर जाऊ देऊ नका. पोराला सांगा."

"सांगतो."

पन्नास अँपियरला एक चित्र किती वेळ घेईल हे दुकानातच कळलं. वीस मिनिटं. एकशे दहा उरली होती. विद्याधररावांनी मनात गुणाकार केला, चुकला असेल म्हणून पुन्हा केला. साडेछत्तीस तास. शनिवार सकाळ सोडाच, रविवारची पहाट उजाडली असती.

ते घरी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते आणि दार उघडं होतं. वेदिका रिकाम्या टेबलापुढे उभी होती. टेबलावर कॅबिनेटच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, बाकी सगळीकडे धूळ.

"मला वाटलं चोरी झाली," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "मग म्हटलं, चोर फक्त हेच कसं नेईल. बाबा, काय झालं?"

रिक्षात विद्याधररावांनी तीन गोष्टी तयार करून ठेवल्या होत्या. पहिलीत वीज गेली होती. दुसरीत सप्लाय आपणहून जळला होता. तिसरी गुरुराजला सांगितलेलीच होती. त्यांनी कॅबिनेट टेबलावर ठेवलं, वायरी जोडल्या, कॉम्प्युटर चालू केला, बटण दाबलं. लॉबीचा पहिला तुकडा मुंगीच्या पावलाने उमटू लागला. मग ते वळले आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.

"वेदिका, ही चूक माझी आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. चौकशी समितीपुढे सांगावं तसं, क्रमाने, वेळेसकट. नव्वद, एकशे दहा, एकशे चाळीस. यूपीएस ओरडला तो इशारा होता, तो मी डावलला. प्लग मी काढला. दोनशे पंचावन्न मी केले. फोनवर 'चाललंय' म्हणालो तेव्हा रिक्षा चालली होती. दुकानात मी ईशानचं नाव सांगितलं. तक्त्याचा कागदही त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला. 'समाधानकारक' या शब्दावर त्यांनी अंगठा ठेवला होता, पण तो पुरेसा रुंद नव्हता.

"उद्या अकराला ते होत नाही," ते शेवटी म्हणाले. "कसंही केलं तरी होत नाही. तुझं पहिलं काम मी घालवलं."

वेदिका खुर्चीत बसली. ती रडली असती तर विद्याधररावांना सोपं गेलं असतं. ती नुसती पडद्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांना साइटवरचा लाल मुरूम लागला होता, तो ती नखाने काढत होती. स्वयंपाकघरात सकाळचं अर्धं चिरलेलं पडवळ तसंच पडलेलं होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"नंदकिशोर सर," ती पुटपुटली. बिल्डरच्या ऑफिसातला हा माणूस नागपूरचा, तिला काम देणारा. तिने घसा साफ केला. "हो सर, बोला... उद्याचंच ना, सर, मी तेच सांगणार होते, म्हणजे... काय? दोन्ही पार्टनर?... अच्छा... नाही नाही सर, माझी तयारी... म्हणजे तयारी चालूच आहे... गुरुवार?" ती उठून उभी राहिली. "गुरुवार म्हणजे, सर, जरा अडचण आहे, पण... करते ना. तुम्ही म्हणताय तर करते. नाही, सॉरी कशाला, सर."

फोन ठेवून तिने दोघांकडे पाहिलं. "पार्टनरांचं भांडण झालंय. मीटिंग गुरुवारी. ते माझी माफी मागत होते."



"म्हणजे," सुलभाताई म्हणाल्या, "तुम्ही आणखी दोन मिनिटं गप्प बसला असता तर?"

विद्याधररावांनी हा हिशेब आधीच केला होता. दोन नाही, एकच मिनिट पुरलं असतं. रविवारी चित्रं झाली असती, सोमवारी सप्लाय आला असता. सप्लाय आपणहून जळला म्हटलं असतं, तर ईशान, वेदिका, कुणालाही कधी काही कळलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून गुन्हा कबूल केला होता, आणि त्याचा कुणाला काडीइतका उपयोग नव्हता. ते पलंगाच्या कडेवर बसले. त्यांना खूप थकल्यासारखं झालं.

वेदिका तक्त्याचा कागद वाचत होती. वाचता वाचता ती थांबली.

"सात मिनिटं?" ती म्हणाली. "खरंच सातमध्ये होत होतं?"

विद्याधररावांनी नुसती मान डोलावली.

"बाबा, सोमवारी साडेसहाशेचा सप्लाय बसवला, की मग लिमिट किती ठेवायची?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं. रिक्षातच त्यांनी काढलं होतं. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, बाकीचं किरकोळ, वर सुरक्षेसाठी वीस टक्के सोडून. एकशे साठ. यूपीएससुद्धा मोठा घ्यायला हवा, तोही कितीचा ते त्यांना माहीत होतं. तिघांत फक्त त्यांनाच माहीत होतं. वेदिका पेन उघडून, कागदाच्या मोकळ्या बाजूवर ते टेकवून वाट बघत होती.

"ईशान आला की त्याला विचार," विद्याधरराव म्हणाले, आणि गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला उठले.